तीन हजार एकशे बारा नवरे

साहेबांनी टेबलावरचा कागद बोटाने ताईंकडे सरकवला आणि पंखा एकने वाढवला. नको असलेलं काम द्यायचं असलं की ते आधी पंखा वाढवत.

ताईंनी चष्मा लावून कागद वाचला. साठीच्या पुढच्या बायका. एकट्या राहणाऱ्या. नवरा गेलेल्या. गिऱ्हाईक सगळी दुखणी पळवते म्हणून चुंबकी गादी विकणारं. आधी पत्र जाणार, मग आठवड्याने दारात माणूस.

"आपल्याकडे अशी यादी नाही," ताई म्हणाल्या.

"कशी नाही? तुमचा तो शेऱ्याचा रकाना आहे की. सोन्याची खाण आहे ती, ताई. मला इतकी वर्षं पत्ताच नव्हता."

हे कार्यालय पत्ते भाड्याने देत असे. विकत नाही, भाड्याने, एका खेपेपुरते. त्यातली सगळ्यात मोठी यादी विणकामाच्या एका मासिकाच्या वर्गणीदारांची. त्या मासिकाचे अंकही इथूनच टपालात पडत. वर्गणी नवऱ्याच्या नावावर आणि सुया बायकोच्या हातात, असा तो संसार. त्यामुळे नवरा गेला तरी मासिक त्याच्याच नावाने येत राही. बारा वर्षांपूर्वी एकीने अंक परत पाठवला होता. वर लिहिलं होतं, 'हे वारले. अजून किती जणांना सांगू?' तेव्हा ताईंनी कुणी न सांगता एक रकाना वाढवला. कुणाचं नाव काढलं, का काढलं, त्या जागी कुणाचं घातलं. नंतर दरेकीला दोन ओळींचं पत्रही पाठवलं. चांगलं काम नीट नोंदवून ठेवायची वाईट खोड त्यांना होती.

"ही यादी द्यायची नाही," ताई म्हणाल्या.

"द्यायची नाही म्हणजे?"

"याहून सोपं मला सांगता येत नाही."

साहेब हसले. "आपण काय धर्मादाय दवाखाना काढलाय? घरमालक विचारतो का, भाडेकरू आत काय शिजवतो म्हणून?"

"विचारतो. धूर आला की पहिला तोच विचारतो."

"उद्या चार वाजेपर्यंत," साहेब म्हणाले. "नाहीतर मी दुसऱ्या कुणाकडून काढून घेईन. मग तुमचं इथे काय काम उरलं, ते तुम्हीच मला सांगा."

ताईंच्या निवृत्तीला चार वर्षं होती. त्यांनी कागदाची घडी घातली, ती आणखी एकदा घातली, आणि जागेवर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली तेव्हा त्या उठल्या नाहीत. नुसता रकाना पुसून भागणार नव्हतं. नाव बदलल्याची तारीख आणि नवं नाव शेजारी-शेजारी बसलेलं. शेंबड्या पोरालाही उलगडा झाला असता. बायका लपवायच्या तर एकच वाट होती. नवरे परत आणायचे.

म्हणजे पुढच्या अंकापासून तेच पाकीट, तेच नाव, तीच दारातली ठेच. जे थांबवायला ताईंनी बारा वर्षं घालवली होती, ते त्यांनाच परत सुरू करायचं होतं. त्या पेलाभर पाणी प्यायल्या आणि त्यांनी पहिलं नाव उघडलं.

काही माणसं ओळखीची निघाली. दर महिन्याला शब्दकोडं सोडवून पाठवणारे एक इंजिनचालक. टाका चुकीचा छापलाय म्हणून भांडणपत्र लिहिणारे एक मास्तर. "उठा," ताई पुटपुटल्या, "कामाला लागा." सुरुवातीचे त्यांनी एकेक करून उठवले, मग यंत्राला सांगून बाकीचे घाऊक. जन्मभर स्वतः लग्नाच्या वाटेला न गेलेल्या बाईने जेवणाच्या सुट्टीत तीन हजार एकशे बारा नवरे उठवून बसवले आणि शेऱ्याचा रकाना पुसून टाकला. तो शुक्रवार होता. शुक्रवारी याद्यांची जुनी प्रत पुसून नवी ठेवायची, हा कार्यालयाचा नियम. ताईंनी आजवर एकही नियम मोडला नव्हता. त्याही दिवशी मोडला नाही.

चार वाजता साहेब त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"शून्य?"

"शून्य."

"काल तीन हजारांवर होत्या!"

"होत्या."

"मग गेल्या कुठे?"

"कुठे जातील? आपापल्या नवऱ्यांजवळ आहेत."

साहेबांनी एक प्रत मागितली, मग दुसरी. शेवटी म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत तुमची नोकरी. तोवर अंक गेला की तक्रारीचे फोन तुम्ही घ्यायचे. शिव्याही तुम्हीच खायच्या."

"खाईन," ताई म्हणाल्या.

अंक गेला आणि फोन सुरू झाले. साहेबांनी आपल्या खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं. पहिली बाई नुसती रडली. दुसरीने ताईंची अक्कल काढली. तिसरीने विचारलं, तुम्हाला आईबाप आहेत की नाहीत. ताई प्रत्येकीला एकच सांगत होत्या, "चूक माझी आहे."

चौथा आवाज म्हातारा होता, पण खणखणीत.

"तुमची चूक कशी होईल हो? सहा वर्षांपूर्वी तुम्हीच नाव बदलून मला पत्र घातलं होतं ना? जपून ठेवलंय मी ते. खरं काय ते सांगा."

ताईंनी उघड्या दाराकडे पाहिलं. मग आवाज जराही न उतरवता सगळं सांगितलं. गादी, यादी, दारात येणारा माणूस.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"म्हणजे हे घरात आहेत म्हटल्यावर तो येणार नाही?"

"आमच्या यादीवरून तरी नाही."

"मग राहू द्या त्यांना." बाई खाकरल्या. "पण नुसतं 'श्री.' नको. ते पोलिसांत होते."

ताईंनी कळफलक पुढे ओढला. "हुद्दा काय लिहू?"

"कारकून होते. बढतीला जन्मभर झुरले बिचारे. तुम्ही फौजदार लिहा. मोठ्या अक्षरात, बाहेरून दिसेल असं. आणि माझ्या दोन मैत्रिणी आहेत, त्यांनाही सांगते मी."

दुसऱ्या दिवशी फोन सकाळपासूनच वाजत होता. साहेब चहाचा कप हातात घेऊन दारात उभे होते, आणि चहावर साय धरली होती.

"आमचे शिंपी होते," कुणीतरी दबक्या आवाजात म्हणत होतं, "पण अंगाने चांगले उभे-आडवे होते हो. पैलवान चालेल का?"

"चालेल," ताई म्हणाल्या. "पत्ता तोच ना?"