दोघींत एक बॅग

करिष्माने पलंगावर कपडे मांडले आणि आजीला हाक मारली. एक काळी पँट, एक निळी. वर घालायला चार कुर्ते, एक पांढरं जाकीट, एक ओढणी.

"आजी, बघ. यातलं कुठलंही वरचं उचल, कुठल्याही खालच्यावर चालतं. सगळी ट्रिप यात निघते. रोज नवीन घातल्यासारखं दिसतं."

कौसाबाईंनी चष्मा नीट केला, एक कुर्ता काळ्या पँटवर ठेवून पाहिला, मग निळ्या पँटवर ठेवला, आणि हसल्या.

"हे आमी कवाच केलंय की गं. मी न् सिंधूनं."

कौसाबाईंच्या लेकाने, नवनाथने, यंदा सगळ्यांना कोल्हापूर आणि पुढे समुद्र दाखवायचं ठरवलं होतं. परळीहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे, तिथून भाड्याची गाडी. गाडीवर सामान बांधायची सोय नव्हती, म्हणून सुनेने, स्वप्नाने, नियम घालून दिला होता: दोन माणसांत एक बॅग. नवनाथ आणि स्वप्नाची एक, करिष्मा आणि तिचा भाऊ सत्यम यांची एक. कौसाबाईंच्या वाट्याला एक बॅग आली, आणि ती अर्धी रिकामी राहणार होती.

"गाडीत एक जागाही उरतेय," नवनाथ म्हणाला. "धर्मापुरीच्या काकूला घ्यायचं का?"

कौसाबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "घ्या की. तिनं तरी कुठं समुद्र पाहिलाय." पण हातातली मेथीची जुडी त्यांनी दोनदा निवडली.

सिंधुबाई त्यांची धाकटी जाऊ. दोघी दोन वर्षांच्या अंतराने धर्मापुरीच्या त्याच उंबऱ्यातून आत आलेल्या. सासू हिशेबी होती. झंपराचं कापड ती एकाच ताग्यातून दोघींना मिळून फाडून आणायची, आणि रंगही असे निवडायची की कुठल्याही पातळावर खपून जावेत: एक लाल, एक हिरवं, एक जांभळं. दोघींचे खांदे इतके सारखे होते की शिंपी एकीचंच माप घ्यायचा. लग्नाला, जत्रेला जायचं झालं की दोघींत एकच ट्रंक. पातळं कौसाबाई काढायच्या, झंपरं सिंधू. तिथे गेल्यावर हिचं तिने नेसायचं, तिचं हिने. लग्नघरच्या बायका आपसांत कुजबुजायच्या की या घरच्या सुनांना पातळं तरी किती असतील. आणि या दोघी परत येताना बैलगाडीत तोंडाला पदर लावून पोट दुखेपर्यंत हसायच्या.

पुढे सासरे गेले आणि भाऊ वेगळे निघाले. कौसाबाईंचे माणिकराव आणि सिंधूचे आसाराम कधी तोंडावर भांडले नाहीत, पण बांधावरून धुसफूस राहिली आणि चुली दोन झाल्या. पुरुषांनी बैल वाटले, भांडी वाटली. कपडे बायकांनी वाटायचे होते. दोघी जावा दुपारभर खाली मान घालून बसल्या. जिच्या माहेरचं पातळ ते तिचं, असं ठरलं. झंपरं मात्र हाताला येतील तशी गेली. पातळ इकडं आलं, त्यावरचं झंपर तिकडं गेलं.

संध्याकाळी कौसाबाईंनी आपला ढीग पेटीत ठेवायला घेतला, तेव्हा त्यात सिंधूच्या भावाने घेतलेलं जांभळं इरकल निघालं. लाल काठाचं, एकदाच नेसलेलं. मागायला येईल तेव्हा देऊ, असं त्या म्हणाल्या. सिंधू मागायला आली नाही. मग माणिकराव गेले, कौसाबाई लेकाकडे परळीला राहायला आल्या. वीस वर्षं उलटून गेली. लग्नाकार्यात भेट व्हायची, दुखण्याखुपण्याचं बोलणं व्हायचं. इरकल पेटीच्या तळाशी राहिलं.

ते आता त्यांनी बाहेर काढलं, झटकलं, आणि बॅगेत सगळ्यात खाली ठेवलं. समुद्राच्या काठावर सिंधूच्या अंगावर घालायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. वर आणखी तीन पातळं ठेवली. मग करिष्माला म्हणाल्या, "दिपालीला टाइप कर. म्हणावं, आजी म्हणती, पातळं मी घेते, झंपरं सिंधूनं घ्यावी. पहिल्यावाणी."

दिपाली ही सिंधुबाईंची सून, त्यांच्या लेकाची, उत्तरेश्वरची बायको. तिचं उत्तर लगेच आलं: आई बरं म्हणाल्या.

स्वप्नाने मात्र फोन सासूपुढे धरला. "आई, तुम्ही स्वतः एकदा बोला ना काकूंशी. किती दिवसांनी दोघी निघताय."

"आता काय बोलायचं? बरं म्हणली न्हवं का."

"तरी पण."

"थोरलीनं किती डाव विचारायचं? उत्तरेश्वरला नवनाथनं सांगितलं, दिपालीला हिनं सांगितलं. घरातल्या घरात काय आवतण द्यायचं असतंय का?"

खरं तर त्या फोनची त्यांना भीती वाटत होती. सिंधू नको म्हणाली तर? किंवा इरकलाचं विचारलं तर? एकदा समोर बसली की बोलता येईल, आगगाडीत वेळच वेळ आहे. त्यांनी फोन बाजूला सारला आणि बॅगेची चेन ओढली. आत एकही झंपर नव्हतं. अंगातलं तेवढं होतं.

स्टेशनवर त्या बाकड्याच्या कडेला बसल्या आणि शेजारची जागा पिशवीने अडवून ठेवली. थर्मल वीजकेंद्राची राख बाकावर बसलेली होती, ती त्यांनी पदराने पुसली. गाडी यायला थोडा अवकाश असताना नवनाथचा फोन वाजला. तो बोलत बोलत लांब गेला आणि परत आला.

"काकू येत नाही, आई. गुडघा दुखतोय म्हणे. उत्तरेश्वर जीप घेऊन दारात उभा होता, तरी नको म्हणाली."

"गुडघा," कौसाबाई म्हणाल्या.

"म्हातारपण आहे, आई. चालायचंच."

त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. त्या जागेवर लगेच कुणी तरी येऊन बसलं.

कोल्हापुरात बॅग उघडली तेव्हा स्वप्ना कपाळाला हात लावून हसली, पण सासूचं तोंड पाहून हसू आवरलं. बाजारातून तिने तयार झंपर आणलं, सोनेरी, ताणलं की ताणणारं. "हे सगळ्यावर चालतं, आई," ती म्हणाली. चाललंही. कौसाबाईंनी त्याच एका झंपरावर अंबाबाईपुढे ओटी भरली, आणि त्याच झंपरावर त्या समुद्रापाशी उभ्या राहिल्या.

समुद्र फार मोठा होता. पाण्याने पायाखालची वाळू ओढली तशी त्या घाबरून कुणाचा तरी हात धरायला वळल्या. नवनाथ आणि पोरं पुढे गेली होती. सत्यमने लांबून फोटो काढला. त्या फोटोत त्यांचा एक हात बाजूला पसरलेला आहे. इरकल बॅगेत तळाशीच होतं.

परत आल्यावर चौथ्या दिवशी त्या जीपने धर्मापुरीला गेल्या. पिशवीत अंबाबाईचा प्रसाद आणि ते इरकल. सिंधुबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. उठल्या, चटकन उठल्या, आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. गुडघा काही दुखताना दिसला नाही.

"पाहिला का समुद्र, बाई?"

"पाहिला."

"पाणी खरंच खारट असतंय का?"

"लई खारट."

प्रसाद दिला, चहा झाला. मग कौसाबाईंनी इरकल काढून समोर ठेवलं. सिंधुबाईंनी काठावर बोट फिरवलं. "तुमच्याकडं हाय म्हणून ठावं होतं मला," त्या म्हणाल्या. "कुठं पळून जातंय म्हणलं."

"मग मागितलं कावून न्हाई?"

"तुमी घेऊन याल म्हणून."

त्या आत गेल्या आणि खुंटीवरची कापडी पिशवी घेऊन आल्या. भरलेलीच होती. वर कंगवा, गोळ्यांची डबी, शेंगदाण्याच्या लाडवांचं पुडकं. खाली चार झंपरं, नवी कोरी, एकाच ताग्यातली, लाल.

"ही दोन तुमच्या मापाची," त्या म्हणाल्या. "भावकीतल्या सोमेश्वरच्या लग्नात पायरी उतरताना तुमचा दंड धरला, तवा कळलं मला. हात लई वाळलाय. शिंप्याला दोन बोटं आत घ्यायला सांगितलं. माया सोडलीय, ढिलं करता येतंय."

कौसाबाई झंपराकडे बघत राहिल्या. "इतकं समदं केलंस. मग आली का न्हाईस, सिंधू?"

"तुमी कुठं म्हणलात चल म्हणून?"

"दिपालीला निरोप धाडला की."

"निरोप झंपरांचा धाडलात, बाई." सिंधुबाईंचा आवाज चढला नव्हता. त्या शेंगांची टरफलं गोळा करत होत्या. "झंपरं घे म्हणलात. माझा निरोप त्यात न्हवता. म्हणलं, निघताना तरी फोन करतील. मी लुगडं नेसून बसलेली. उत्तरेश्वर म्हणला, चल आई. मी म्हणलं, तू नगं म्हणूस, बाईंनी म्हणाया पायजे."

कौसाबाईंना फार काही बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, "स्वप्ना म्हणत होती बोला म्हणून."

"शहाणी हाय पोरगी."

आत जाऊन कौसाबाईंनी एक झंपर घालून पाहिलं. दंडाला, खांद्याला, कुठेही सुरकुती नव्हती. आरशात त्यांच्या पाठीमागे सिंधू उभी होती आणि मागून शिवण ओढून बघत होती, पूर्वी बघायची तशी. "बसलं," ती एवढंच म्हणाली.

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. ही गेली तर दुसरी कधी येईल सांगता येत नव्हतं. कौसाबाईंनी अंगातलं झंपर तसंच राहू दिलं, जुनं पिशवीत कोंबलं. सिंधुबाई दारापर्यंत आल्या आणि चौकट धरून उभ्या राहिल्या.

"काही राहिलं का, बाई?"

"न्हाई. काय राहणार."

सिंधुबाई तरीही उभ्याच होत्या. कौसाबाई पायरी उतरल्या, जीपमध्ये दोन बायकांच्या मधे अंग चोरून बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. जीप देवळाच्या वळणावर आली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. परळीच्या घरी एक खोली रिकामी होती, दसऱ्यापर्यंत कुणी पाहुणं येणार नव्हतं. चल माझ्यासंगं परळीला, आठ दिवस राहा, एवढं म्हणायला काय लागलं असतं. सिंधूची ती कापडी पिशवीसुद्धा भरलेलीच होती.

"काय झालं, आजी?" शेजारच्या बाईने विचारलं. "काही इसरलं का?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. वळणामुळे घर दिसत नव्हतं. फोन करता येईल, असं त्यांच्या मनात आलं. मग ड्रायव्हरने पुढच्या फाट्यावर आणखी दोन माणसं घेतली, आणि त्या आणखी आत सरकल्या.