भोंगा झाला

भाऊजींनी खोक्यावरची चिकटपट्टी दातांनी तोडली, तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं की हे ड्रोन अजून एकदाही उडालेलं नाही.

"म्हणजे तुम्हाला हे चालवता येत नाही?"

"जुनं येत होतं. ते मागच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या मामाच्या टकलावर उतरलं, तेव्हापासून आमचं दोघांचंही उडणं बंद." भाऊजी लग्नांचे फोटो काढत. "हे कालच आलंय. तुझ्या ताईला अजून किंमत कळलेली नाही, नाहीतर आज मीच हवेत असतो."

एरवी धाकटी हसली असती. आज बाबा सकाळपासून घरात नव्हते. अंगात बनियन, पायात घरातल्या सपाता, आणि डोक्यात काय होतं ते आता कुणालाच सांगता येत नव्हतं. गेली काही वर्षं त्यांची आठवण भिंतीच्या रंगासारखी पोपडे धरून गळत चालली होती. आधी शेजारी गेले, मग दोन्ही मुलींची नावं. बाजार, बसथांबा, दवाखाना, सगळं पालथं घालून झालं होतं. शेवटी कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, खाणीच्या रस्त्याला एक म्हातारा ताठ चालत जाताना दिसला. घाईत होता, कामाला उशीर झाल्यासारखा.

बाबांनी उभी हयात या दगडाच्या खाणीत सुरुंग उडवले होते. खाण बंद पडली, उपसा थांबला आणि खालचा तळ हिरव्या पाण्याने भरून गेला. काठावर उभं राहिलं तर पाणी दिसे, पण कड्याच्या पोटातले टप्पे दिसत नसत. म्हणून हे यंत्र.

"तू शिकलेली आहेस, तू उडव," भाऊजी म्हणाले. "मी ट्रकच्या रस्त्याने खाली उतरतो. दिसले की फोन कर."

कॉलेजात तिने एक ड्रोन हाताळलं होतं, कारखान्याच्या चिमण्यांवरची हवा मोजायला. ते मस्तवाल खोंडासारखं होतं. लगाम सैल सोडला की वाऱ्याबरोबर निघालंच. त्या सवयीने तिने आताही दोन्ही अंगठे घट्ट धरले. यंत्र उठलं, कड्याच्या पलीकडे गेलं, आणि एका झुळकेने दचकून तिचे अंगठे सुटले. ते पडलं नाही. जिथे होतं तिथेच खिळ्याला टांगल्यासारखं थांबलं. वर पाहिलं तर ते वाऱ्यात थडथडत होतं, आणि हातातल्या पडद्यावरचं चित्र मात्र निवांत होतं. हा निवांतपणा तिला आवडला नाही. सगळं ठीक आहे असं सांगणारं, पण खरं नसलेलं काहीतरी त्यात होतं.

दुसरी अडचण मापाची होती. वरून झुडूप केवढं आणि माणूस केवढा, कळेना. मग एका टप्प्यावर ट्रकचं टाकून दिलेलं टायर दिसलं. त्याचा आकार तिला ठाऊक होता. ते माप धरून ती टप्प्यामागून टप्पा वाचत खाली उतरली, आणि पाण्याला लागून असलेल्या शेवटच्या टप्प्यावर टायराच्या अर्ध्या रुंदीचा एक पांढरा ठिपका सापडला. बनियन.

बाबा पाय सोडून बसले होते. सपाता शेजारी जोडून ठेवल्या होत्या.

"सापडले!" ती फोनवर जवळजवळ ओरडली. "खालच्या टप्प्यावर आहेत. बरे आहेत!"

"मी फाटकाशी आहे. कुलूप आहे, चढून येतो. त्यांना हलू देऊ नकोस."

हलू देऊ नको म्हणे. इतक्यात बाबा उठले आणि कडेकडेने चालू लागले. टप्पा पुढे निमुळता होत गेला होता आणि त्यावर शेवाळ होतं. फोन पुन्हा वाजला. आई होती.

"दिसले ना? तुझ्या भाऊजींनी आत्ताच सांगितलं. अगं, हाक मार की त्यांना!"

"याला तोंड नाही गं, आई. नुसते डोळे आहेत."

"काय उपयोगाचं मग! भोंगा झाला म्हण. लगेच येतील बघ."

हा त्यांच्या घरातला शब्द होता. खाणीतला भोंगा वाजला की बाबा हातातलं टाकून निघतात, हे ऐकून आईने लग्नानंतर तो स्वयंपाकघरात आणला. ताटं मांडली की ती हाळी देई, "भोंगा झाला!" आणि बाबा अंगणात असोत की झोपेत, उठून पाटावर येऊन बसत. मुलींची नावं गेली तरी हे गेलं नव्हतं. कालसुद्धा ते त्याच शब्दाला उठून जेवायला आले होते.

धाकटीची नजर पडद्याच्या कोपऱ्यावर गेली. तिथे छोट्या कर्ण्याचं चित्र होतं. यंत्र झाडीत पडलं तर शोधता यावं म्हणून त्यात आवाजाची सोय होती. सुरुंगांनी बाबांचे कान गेले होते, बारीक आवाज त्यांना पोचत नसत. उडवण्याआधी सगळ्या कळा चाचपताना तिने हीही क्षणभर दाबून पाहिली होती, ते आता आठवलं. आवाज खालच्या सुरात सुरू होऊन चढत जाणारा होता. हा पोचला असता. तिने यंत्र त्यांच्या डोक्यावर नेलं आणि कळ दाबून धरली.

बाबा थबकले. पाठ ताठ झाली. क्षणभर तिला वाटलं, साधलं.

त्यांनी वर पाहिलंच नाही. डावा हात उंच केला आणि मोकळ्या टप्प्याकडे वळून ते हातवारे करू लागले. मागे, मागे व्हा. तिथे कुणी नव्हतं. मग हात एकेका अदृश्य डोक्यावरून पुढे सरकू लागला. ते माणसं मोजत होते.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. भोंगा म्हणजे जेवायला या, हे घरात. खाणीत भोंगा म्हणजे सुरुंग पेटतोय, आडोशाला जा. आणि आडोसा, तो जाड सिमेंटचा कोनाडा, समोरच्या तळात होता. हिरव्या पाण्याखाली.

तिने कळ सोडली. आवाज थांबला, पण एकदा झालेला भोंगा परत घेता येत नाही. मग तिला आठवलं, धोका टळला की तीन तुटक आवाज देतात. लहानपणी काठावर डबा घेऊन आल्यावर तिने ते ऐकले होते. तिने कळ तीनदा दाबली. पुन्हा तीनदा. बाबांनी मान हलवली नाही. आणि कशाला हलवतील? ते तीन आवाज त्यांचेच असत. उडालेली सुरुंगाची भोकं स्वतः तपासून तेच द्यायचे. दुसऱ्या कुणी ते दिले तर ऐकायचे नाहीत, हा त्यांनीच घातलेला दंडक होता.

सगळी माणसं पुढे घालून ते शेवटी निघाले. पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. तिने यंत्र इतकं खाली आणलं की त्याच्या वाऱ्याने पाण्यावर थरथरती वर्तुळं उठली. त्यांनी ते हाताने माशी हाकलावी तसं बाजूला केलं. पाणी छातीला आल्यावर ते थांबले. जागा ओळखीची असावी. उभी हयात जसे बसत होते तसे, दोन्ही कानांवर हात गच्च धरून, ते खाली बसले.

चित्र जराही हललं नाही.

भाऊजी धावत येताना, बूट न काढता उडी मारताना, खूप उशिराने बनियनला धरून त्यांना टप्प्यावर ओढताना तिला दिसले. ते छाती दाबत राहिले, दाबत राहिले. आवाज नव्हता, म्हणून ते कणीक तिंबल्यासारखं दिसत होतं. मग ते मागे टेकून बसले. त्यांनी मान वर केली, थेट तिच्याकडे, आणि नकारार्थी हलवली.

बॅटरी संपत आल्याची खूण लुकलुकली. धाकटीने अंगठे दाबून धरले, पण यंत्राने तिचं ऐकलं नाही. ते आपलं आपण उंच गेलं, वळलं, आणि ते दोघं पडद्याच्या खालच्या कडेतून निघून गेले. थोड्या वेळाने ते तिच्या पायाशी, निघालं होतं अगदी तिथेच, हलकेच उतरलं. पंखे थांबले.

फोन वाजत होता.

"काय गं, दिलास का भोंगा?"

"दिला."

"ऐकला का त्यांनी?"

"ऐकला, आई."

"मग येतील. भोंगा ह्यांनी आजवर कधी चुकवला नाही," आई म्हणाली, आणि फोनमधून ताट मांडल्याचा आवाज आला.