नरसिंगच्या बदल्यात आलेला गोलपोस्ट

मी एक जुना गोलपोस्ट आहे, मित्रांनो. दोन उभे खांब, वर एक आडवा पाईप आणि अंगभर गंज. गोलपोस्ट नेहमी जोडीनं असतात, मैदानाच्या या टोकाला एक आणि त्या टोकाला एक. राजेश्वर गावच्या मैदानात मात्र मी एकटाच आहे. समोरच्या टोकाला दगडांचे दोन ढीग आहेत. माझा जोडीदार यायचा होता, तो आला नाही. का आला नाही, हे सांगायचं म्हटलं तरी माझा गंज खाजायला लागतो.

माझा जन्म बीदरजवळ कोळारला, एका पाईपच्या कारखान्यात झाला. खरं तर मी बोअरमध्ये उतरायचा पाईप होतो. एका वेल्डरनं मला कापलं, सांधलं, पांढरा रंग दिला आणि ट्रॅक्टरवर घालून इकडं पाठवलं. मी तर हरखून गेलो होतो. जमिनीच्या पोटात अंधारात पाणी ओढत बसण्यापेक्षा उन्हात उभं राहून पोरांचा गलका ऐकणं कुणाला नको असतं? मी भेट म्हणून नव्हे, मोल म्हणून निघालोय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

राजेश्वरला फुटबॉल आणला तो माणिकरावांनी. तरुणपणी ते हैदराबादेत पोलीस लाइनीत राहिलेले, तिथंच हा खेळ शिकलेले. नोकरी सुटली, नाद सुटला नाही. बुद्धविहारामागच्या पडीक जागेत त्यांनी पोरं जमवली, लाकडी खांब रोवले. पण दरवर्षी गावातली टवाळ पोरं ते खांब उपटून होळीत घालायची आणि धुळवडीपासून खेळ पुन्हा दगडांवर यायचा. माणिकरावांना मग एकच ध्यास लागला, न जळणारे गोलपोस्ट.

आणि त्या मैदानात नरसिंग होता. चांगुणाबाईचा एकुलता एक. त्याच्या डाव्या पायाला चेंडू असा चिकटायचा की शेजारच्या मंठाळ गावची पोरं त्याला बघितल्यावर आधीच हातपाय गाळायची.

कोळारच्या कारखान्याची स्वतःची टीम होती, ती हणमंतप्पा नावाचे फोरमन सांभाळायचे. एक दिवस ते जीप घेऊन आले आणि खेळ बघून माणिकरावांना म्हणाले, "पोरगा आम्हाला द्या, अण्णा. नोकरी देतो, राहायला खोली देतो. तुम्हाला काय पाहिजे, बोला."

माणिकरावांनी दगडांकडं बघितलं. "दोन लोखंडी गोल."

हणमंतप्पा मनापासून हसले. "एक आत्ता घ्या. दुसरा तीन वर्षांनी. करारच तीन वर्षांचा आहे ना! पुरा केला तर दुसरा देतो, मधेच पळून आला तर पहिला पण उपटून नेतो."

"पळतंय कशाला? सोनं हाय सोनं!" माणिकराव म्हणाले.

सोनं शेजारीच चेंडू घेऊन उभं होतं. त्याला कुणी विचारलं नाही. चांगुणाबाईला तर बोलावलंच नव्हतं.

मला मैदानात रोवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन आली. म्हैस घेऊन. माझ्या डाव्या खांबाला दावं बांधून मोकळी झाली.

"अक्का, गोल हाय त्यो! दावण न्हाई!" माणिकराव ओरडले.

"माझ्या पोराच्या बदल्यात आलाय नव्हं? मग माझाच हाय. खेळायच्या वक्ताला सोडते म्हस. न्हाईतर ऱ्हाऊ द्या, गोलकीपर लागंलच की तुम्हाला."

तिच्या तोंडाला कोण लागणार? म्हैस रोज माझ्या सोबतीला राहिली. पहिल्या वर्षी तर तिचीच सोबत जास्त. कारण नरसिंग कोळारला गेल्यावर मंठाळची पोरं बेधडक यायची आणि माझ्यातून चेंडूवर चेंडू मारून जायची. पोरं माझी स्तुती करायची, "गोल लई भारी हाय आपला!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. गोलपोस्ट भारी असून काय करता, गोल मारणारा देऊनच तर तो आणलेला!

दीड वर्षानं, एप्रिलात जयंतीला नरसिंग घरी आला. माझ्या खांबाला पाठ टेकून बसला. खांदे भरले होते, पण खेळानं नव्हे.

"मला खेळवत न्हाईत, काका," तो माणिकरावांना म्हणाला. "दिसभर पाईप उचलायचे आन मॅचला बाकड्यावर बसायचं."

"कामून?"

"गुलबर्ग्याच्या गिरणीची टीम माझ्या मागं होती. तिला मिळू नये म्हणून ह्यांनी आधीच बांधून ठेवलंय. मला परत घ्या, काका. पाय बसून जायलेत माझे."

करार म्हणजे काय, ते मला त्या दिवशी म्हशीकडं बघून कळलं. म्हैस दाव्याला असेल तर दावं धरणाऱ्याला काहीतरी दिल्याशिवाय ती नेता येत नाही. दावं सुटलं की ती नुसती चालत जाते, कुणाला काही मिळत नाही. हणमंतप्पांना खेळाडू नकोच होता. त्यांना दावं हवं होतं.

 माणिकरावांनी माझ्याकडं बघितलं. बाकीच्या पोरांनीही माझ्याकडंच बघितलं.

"निम्मं तर सरलंय, नरसिंग," ते हळूच म्हणाले. "बाकीचं काढ की कसंबी. आत्ता आलास तर ह्यो बी जातोय रे."

'ह्यो' म्हणजे मी. मित्रांनो, माणसाच्या समोर माणसाला सोडून लोखंडाकडं असं बघू नये. लोखंडालासुद्धा ते सोसत नाही.

तेवढ्यात चांगुणाबाई आली. हातात पहार. म्हैस सोडली आणि माझ्या डाव्या पायाशी पहिला घाव घातला.

"अक्का, काय करायलीस!"

"उपटायलेय. न्या तुमचं लोखंड कोळारला, आन माझं लेकरू माझ्या घरी ऱ्हाऊ द्या."

सिमेंटची ढलपी उडाली. मी जीव खाऊन हललो, खरंच हललो! आयुष्यात पहिल्यांदा मला पडायचं होतं. पण माझा पाया भक्कम घातलेला. दोघा-तिघांनी तिला धरलं, तरी पहार सुटेना. शेवटी ती नरसिंगनंच काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे माय. जातो मी."

आणि तो गेला. माझ्यासाठी गेला, हे मला अजून पचलेलं नाही.

तीन वर्षं सरत आली. माणिकरावांनी समोरच्या टोकाला खड्डेसुद्धा खणून ठेवले. तेव्हाच बातमी आली, कारखान्यानं नरसिंगला गुलबर्ग्याच्या गिरणीला देऊन टाकलं. कराराचे दिवस थोडे उरले होते, दावं हातात होतं तोवरच उरकलं. बदल्यात गिरणीनं आपले सगळे पाईप कोळारहून घ्यायचं कबूल केलं. माणिकराव दुसरा गोल मागायला गेले, तर हणमंतप्पा म्हणाले, "तीन वर्षं कुठं पुरी झाली, अण्णा? त्याच्या आधीच गेला की तो!"

माणिकराव परत येऊन माझ्याखाली बसले. "फसवलं की मला."

चांगुणाबाई म्हशीला पाणी दाखवत होती. "तुम्हाला व्हय?" ती एवढंच म्हणाली.

कारखान्याला वाटलं, एका गोलपोस्टात खेळाडू स्वस्तात पडला. बसवून ठेवलेल्या माणसाचा पगार नि खोली त्यांनी मोजली नाही. माणिकरावांना वाटलं, एक गोल बुडाला. खरं मोल नरसिंगनं भरलं, आपल्या पायातली वर्षं देऊन. गिरणीत त्याला खेळवलं, पण बसून आखडलेले पाय एकदम पळवले आणि गुडघा गेला. गिरणीचा करार संपला, तो पुन्हा कुणी केला नाही. नरसिंग बसनं घरी आला. आता त्याला घेऊन जायला कुणाला काही द्यावं लागणार नव्हतं, आणि न्यायला कुणी येतही नव्हतं.

माणिकराव स्टँडवर गेले होते. पिशवी त्यांनी उचलली.  मैदानात आल्यावर गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी नरसिंगच्या हातात दिली.

आता पोरांना तोच शिकवतो, लंगडत. परवा पुन्हा एक जीप मैदानाशी थांबली. कुठल्याशा टीमचे साहेब होते. खेळ बघून म्हणाले, "तो उंच पोरगा द्या. समोरचा गोल आम्ही बसवून देतो, उद्याच." म्हातारे माणिकराव दगडांच्या ढिगांकडं बघायलाही वळले नाहीत. नरसिंगनं शिट्टी तोंडातून काढली.

"त्याला परत यावंसं वाटलं तर येता येईल का?"

साहेब हसले. "करार म्हणजे करार."

"मग दगडच बरे हायत आमचे."

जीप गेली. माझा गंज जरा हलका झाला.

मित्रांनो, मला रंग द्या, गंज घासा, म्हशी बांधल्या तरी माझी तक्रार नाही. एवढंच ऐका. माझ्या डाव्या पायाशी चांगुणाबाईच्या पहारीनं सिमेंटची एक ढलपी उडालेली आहे. कुणीतरी चांगल्या मनानं ती खाच बुजवायला येईल. बुजवू नका. जीप आली की आधी त्या खाचेकडं बघा, मग बोला.