हरिप्रसादांचा हात

सुईच्या टोकावरच्या पोलादी गोळीला एक तांबूस ठिपका चिकटला होता, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. कनकानं तो भिंगाखाली पाहिला. रक्तच होतं. हरिप्रसादांनी नुकतंच पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक केलं होतं आणि सुई धुवायला तिच्याकडे दिली होती.

उंदराच्या घशातून पोटात द्रव सोडायची ही बोथट, वाकडी सुई. उंदीरही साधे नव्हते. पोलिओचा विषाणू पेशीत शिरावा म्हणून त्यांच्यात माणसाचं जनुक घातलेलं होतं. तोंडावाटे दिलेला विषाणू आतड्यातून मज्जारज्जूपर्यंत पोचतो का, एवढाच प्रश्न. चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या त्या प्रयोगशाळेला उत्तर थाटात मिळालं होतं: हरिप्रसादांच्या हातचे उंदीर लुळे पडले, कनकाच्या हातचे टुणटुणीत राहिले.

हरिप्रसाद विभागप्रमुख. एरवी पिपेटला शिवत नसत; छायाचित्रकार आला की मात्र हातमोजे चढवत. सुई अशी खुपसत, जणू टी. नगरच्या खच्चून भरलेल्या बसमध्ये शिरताहेत. उंदरांतला फरक पाहून त्यांनी निष्कर्ष काढला, की कनकाचा हातच भितरा. बैठकीत हे इंग्रजीत सांगून झाल्यावर खास तिच्यासाठी घरच्या तंजावरी मराठीत विचारलं, "पोरी, तू उंदराला पाजतेस की पाळण्यात घालतेस?" सगळे हसले, ज्यांना मराठी कळत नव्हतं तेही.

प्रयोग संपल्यावर कनकानं दोन्हीकडच्या उंदरांचे घसे तपासले होते. तिच्या उंदरांचे गुळगुळीत, त्यांच्या उंदरांचे ओरखडलेले. विषाणूला आतड्यापर्यंत जायची गरजच पडली नव्हती. जखमेतली वाट जवळची होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इथे त्या अवलक्षणाचा शोधनिबंध झाला होता.

तरी पोंगलपासून ती गप्प होती. तिला नोकरीत कायम करणं हरिप्रसादांच्या हाती, शिवाय ते तिच्या अप्पांचे मित्र. एकदा सांगायला म्हणून त्यांच्या खोलीत गेली आणि कॉफी पिऊन परतली.

त्याच दुपारी निबंध नियतकालिकाकडे पाठवायचा होता. नियमाप्रमाणे प्रत्येक लेखकाची संमती हवी. हरिप्रसादांनी फोनवरून नजर न काढता विचारलं, "कनका, पाठवतो मग?"

"नाही, सार. ते उंदीर विषाणू गिळून नाही लुळे पडले. तुमच्या सुईनं घसा खरवडला, म्हणून पडले. या निबंधाला माझी संमती नाही."