कारंजं आणि चपला

सत्यभामाबाईंच्या पत्राला श्यामकांतांनी उत्तर दिलंच नव्हतं. मुलाच्या रियाधमधल्या फ्लॅटमध्ये ते उशीखाली राहून राहून चुरगळलं होतं, पण मजकूर त्यांना पाठ होता. 'भाऊ, मी आता नगराध्यक्ष झालेय. राज्य वित्त आयोगापुढे आपल्या गावाचं म्हणणं मांडायचंय. नगरपरिषदेत तुम्ही जन्मभर लेखापाल होतात. दोन पानं लिहा, खाली सही करा. नाही बोललो, तर पुन्हा कारंजंच मिळेल.'

कारंजं! गावाला पाणी दिवसाआड, जमिनीखालच्या पाइपांची चाळण झालेली, आणि वरून निधी आला तो सुशोभीकरणाचा. तो पाइपांकडे वळवायची सोय नव्हती. चौकात कारंजं उभं राहिलं, त्यात सोडायला पाणी मात्र नव्हतं. बायका त्याच्या कठड्यावर रिकामे हंडे टेकवून टँकरची वाट बघत बसायच्या.

श्यामकांतांनी कितीदा लिहायला घेतलं आणि फाडून टाकलं. पुस्तकात डोकं खुपसून आयुष्य काढलेल्या माणसाचं आयोग कशाला ऐकेल? शिवाय लिहावं ते रडगाणं वाटे. द्या हो, अजून द्या. आता सुनावणी महिन्यावर आली होती.

त्या शुक्रवारी त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. ती हातात घेऊन, रिकामा खिसा चाचपत ते दाराशी घुटमळले.

"बाबा, शूज आणलेत ना तुम्हाला?" सुमीत म्हणाला. "चांगले भारीतले!"

"आहेत रे. पण खाली जरा दुकानापर्यंत..."

"दुकानात कशाला? काय हवं ते सांगा, आत्ता ऑर्डर करतो."

"काही नको. म्हटलं, तिथे उभ्याउभ्या चहा घ्यावा."

"माझा चहा बिघडला वाटतं!" सूनबाई शिवांगी आतून हसली.

"नाही गं, तसं नाही..." श्यामकांत पार ओशाळले.

नात क्षितिजाने टॅबमधून मान वर केली. "आजोबा, पापा से माँग लो ना. वो कभी ना नहीं बोलते."

खरंच होतं ते. पोराने कशालाच नाही म्हटलं नव्हतं. न मागता मालिशची खुर्चीसुद्धा आणली होती. श्यामकांत तिच्यात बसायला घाबरत, म्हणून तिच्यावर पुस्तकं ठेवत. त्या खुर्चीकडे पाहता पाहता त्यांना एकदम हसू फुटलं. कारंजं घरातच होतं की!

"सुमीत, माझ्या पेन्शनचं कार्ड कुठाय?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये. कशाला हवंय?"

"मला दे."

"देतो, पण कशाला? मी कधी नाही म्हटलंय का, बाबा?"

"नाही म्हणत नाहीस. विचारतोस." श्यामकांतांनी हातातली चपल खाली ठेवली. "गावात जकात होती, तोवर आमची तिजोरी आमच्या हातात होती. जकात गेली, अनुदान आलं. देणारे वाईट नव्हते रे. पण गावाचाच पैसा वर जायचा आणि परत येताना अटी घेऊन यायचा. चपला हव्यात त्याला खुर्ची मिळायची."

सुमीतने खुर्चीकडे पाहिलं. तो आत गेला. दुखावलं पोराला, श्यामकांतांना वाटलं. उगाच तोंड उघडलं.

सुमीत कार्ड घेऊन बाहेर आला. "बँकेचे मेसेज माझ्या फोनवर येतात. तेही तुमच्या नंबरवर करून देतो." मग खुर्चीकडे बोट करून, "ती खुर्ची काढून टाकू?"

"राहू दे. पुस्तकांना बरी आहे."

दुपारी त्यांनी एका बैठकीत लिहिलं. 'आम्हाला दान नको. गावातून जाणाऱ्या करातला न्याय्य वाटा ठरलेल्या वेळी द्या. तो कशावर खर्चायचा, हे ज्यांच्या नळाला पाणी येत नाही त्यांना ठरवू द्या. गावाला स्वतःचं उत्पन्न उभं करायची मुभा द्या. हिशेब पैन् पैचा मागा, देऊ. पण पाइप फुटला की परवानगीची वाट बघायला लावू नका.' खाली सही केली. या वेळी कागद फाडला नाही.

रविवारी, इथला आठवडा सुरू झाल्यावर, ऑफिसला निघताना सुमीत म्हणाला, "पोस्टात गाडीने सोडतो."

"जाईन चालत."

वाटेत त्यांनी कार्डाने पैसे काढले, साध्या रबरी चपला घेतल्या आणि पायात घालूनच निघाले. पोस्टातल्या तरुण कारकुनाने पाकीट वजनावर ठेवलं, शिक्का मारला, मागच्या पेटीत टाकलं. "खलास?" झालं ना, असं त्याने अरबीत विचारलं.

"खलास," श्यामकांत म्हणाले.

उरलेली नाणी त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि कोपऱ्यावरच्या टपरीत जाऊन एक चहा सांगितला.