देवीच्या बनातल्या खारी

सेलू तालुक्यातल्या आमच्या गावाला देवीचं बन आहे. बन म्हणायचं ते सवयीनं. भोवती सगळा कापूस आणि मधे खिरणीची सात-आठ झाडं. दोन्ही अंगांना वावर चंद्रभानाचं. उगवतीकडून तो दरवर्षी बांध कोरून बनात सरकतो आणि नवरात्रात देवीच्या पाया पडायलाही तोच पहिला येतो. पुजारी आबासाहेबांनी तहसीलला चकरा मारल्या. मोजणीवाले आले, चहा पिऊन गेले. आपल्या डोळ्यांदेखत बन संपणार, या धास्तीनं म्हाताऱ्याला घास गोड लागत नव्हता.

चंद्रभानापुढे काही चालेना, म्हणून राग खारींवर निघाला. बनातली खिरणी बनातच खायची, बीही तिथंच टाकायची, हा देवीचा दंडक. माणसं तो पाळत. खारी पाळत नव्हत्या. निम्म्या बिया कुरतडून फस्त करत आणि उरलेली फळं तोंडात धरून बांधापलीकडे पळत. पाठीवर रामाची बोटं, त्यामुळं मारायचीही सोय नाही. शेवटी आबासाहेबांनी पिंजरे लावून एकूण एक खार धरली आणि देवगाव फाट्याच्या पुढं नेऊन सोडली. देवीची चोरी थांबली म्हणून त्या दिवशी ते पोटभर जेवले.

उगवतीचा कोरलेला पट्टा चंद्रभानानं दोन वर्षं पडीक ठेवला होता. तेवढ्यात लोक विसरतात. यंदा पेरणीआधी त्यानं ट्रॅक्टर घातला, तर ड्रायव्हरनं तो जागीच थांबवला. तणात खिरणीची वीतभर रोपं उभी होती. देवीचं झाड उगवलं तिथं नांगर फिरवायला आमच्याकडं कुणी धजत नाही. बायांनी हळदकुंकू वाहिलं, मोबाइलवर फोटो फिरले, पट्टा देवीचा झाला. पुजाऱ्याची भक्ती फळली म्हणून गावानं आबासाहेबांना हार घातला. रोपांच्या बुडाशी खारींनी उष्टावलेल्या बिया पडल्या होत्या. त्या आबासाहेबांनी पायानं मातीत ढकलल्या. मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

चंद्रभान हात जोडून प्रसादाच्या रांगेत होता. पुढं आल्यावर त्यानं हळूच विचारलं, "आबासाहेब, मावळतीच्या अंगाला खार राहिलीय का एखादी?"

"एकबी न्हाई. समद्या सोडून आलो," आबासाहेब बोलून गेले आणि त्यांचा हात प्रसादाच्या ताटातच राहिला.

चंद्रभानानं आपल्या हातानं प्रसाद उचलला, कपाळाला लावला. दुसऱ्या दिवशी त्याचा ट्रॅक्टर मावळतीचा बांध कोरत होता.