मास्तरांची मूठ

“आ करा बघू.”

शिलाई मशीनवर मान टाकून पेंगणाऱ्या मास्तरांनी डोळे अर्धेच उघडले. “नाही गं घेतली,” ते म्हणाले. पण शब्द जिभेवर असे लोळत आले, की बायकोचा संशय आणखीच बळावला. तिने वाकून वास घेतला. चहाचा होता.

‘वास न येणारीही मिळते,’ शेजारच्या इस्त्रीवाल्याने तिच्या कानावर घातलं होतं.

मास्तरांचं कापड बेतणं एके काळी बघत राहावं असं. अलीकडे मात्र कात्री धरली की मूठ सुटायची नाही. दुसऱ्या हाताने एकेक बोट उचकटावं लागे. गारठ्यात तर फारच. पापण्या सदा जडावलेल्या, चालणं लटपटतं. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघून हसायची. आणि घरात उदाहरण होतंच. थोरले दीर असेच झिंगल्यासारखे चालायचे. एका दुपारी भर रस्त्यात कोसळले, ते उठलेच नाहीत. दारूने गेले, सगळे म्हणाले. थोरली जाऊ तेवढी म्हणत राहिली, “ते थेंबालाही शिवायचे नाहीत हो.” तेव्हा मास्तरांची बायकोच तिला सर्वांदेखत म्हणाली होती, “जाऊबाई, आता तरी झाकू नका.” त्यानंतर जावेने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

अस्तराच्या ताग्यांमागे, बटणांच्या डब्यात, मशीनच्या खणात बायकोने हात घालून पाहिला. बाटली सापडली नाही. म्हणजे बाहेर पितात, तिने ताडलं.

म्हणून त्या दिवशी भर दुपारी मास्तर दुकानाचं शटर ओढून निघाले, तशी तीही मागोमाग निघाली. गुत्त्याच्या गल्लीत ते वळलेच नाहीत. कठड्याला धरत, थांबत थांबत एक जिना चढले आणि वरच्या दारात शिरले. दार थोरल्या जावेचं होतं.

तिच्या मनात भलतंच येऊ लागलं. ती दाराला कान लावून उभी राहिली.

“वहिनी, दादाची मूठ अशीच अडकायची का?”

“अशीच. कप खाली ठेवायचे, पण कपाचा कान बोटांतून सुटायचा नाही. मी आपली हसायचे.”

“मला दोनदा अंधारी आली. एकदा तर मशीनवरच भान गेलं.”

“घरी सांगितलंत, भाऊजी?”

“काय सांगू? वास घेईल.”

दार उघडलं. दाराखालच्या फटीतली सावली जावेला दिसली असावी.

“ये आत,” ती म्हणाली. “बाहेरून वास नाही यायचा.”

दोघींनी मिळून त्यांना तडक मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आपली दोन बोटं त्यांना घट्ट धरायला लावली. “सोडा आता.” सुटेनात. मग छातीला वायरी लावून निघालेला कागद त्यांनी बराच वेळ पाहिला.

“घरात आणखी कुणाला होतं?”

“यांचा भाऊ,” बायको अडखळली. “ते... पडून गेले.”

“हा स्नायूंचा आजार, पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. हृदय म्हणजेही स्नायूच. ठोक्याचा इशारा वाटेत अडला, की माणूस उभ्याउभ्या कोसळतो. यांना आजच दाखल करा, ठोके सांभाळणारं यंत्र बसवावं लागेल. मुलांनाही तपासून घ्या.”

“असा माणूस प्यायल्यासारखा दिसतो का हो?” जावेने विचारलं.

“दिसतो. बोलणं जड, डोळे मिटलेले. भलेभले फसतात. तुमच्या मिस्टरांचं आता खात्रीने नाही सांगता यायचं. पण याच आजाराने गेले असतील, असं वाटतं.”

“परत एकदा सांगा,” जाऊ म्हणाली. “हिला नीट ऐकू द्या.”

त्यांनी परत सांगितलं. बायकोने खाली मान घालून शब्दन्‌शब्द ऐकला.

यंत्र बसलं. दुसऱ्या दिवशी खांद्याखाली पट्टी बांधलेल्या मास्तरांना पाहून जाऊ निघायला उठली.

“जाऊबाई, मी तेव्हा...”

“राहू दे. त्यांच्यापाशी बस. उठताना हात द्यावा लागेल.”

दारातच दुकानाचं एक जुनं गिऱ्हाईक भेटायला आलं होतं. त्याने आवाज खाली आणून विचारलं, “काय, यांचंही थोरल्यासारखंच का?”

“हो,” जाऊ म्हणाली. सगळ्या खाटांवरची माणसं वळून पाहू लागली, एवढ्या मोठ्याने. “अगदी माझ्या नवऱ्यासारखाच आजार.”

आणि त्या गृहस्थाने बाजूला सरून वाट देईपर्यंत ती तिथून हलली नाही.